बचत खात्याचे व्याज : जाहिरातीतला दर आणि खात्यात पडणारी रक्कम

‘सध्या जास्तीत जास्त व्याज कुठे मिळतं?’ आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक सुरुवात याच प्रश्नाने करतात. आम्ही आधी विचारतो, तुमच्या खात्यात महिनाभर साधारण किती शिल्लक राहते? त्या उत्तरावाचून कोणतेही खाते सुचवणे आम्हाला योग्य वाटत नाही, कारण मोठ्या अक्षरांत छापलेला दर प्रत्येकाच्या शिलकीला लागू होतोच असे नाही.

समजा, जाहिरातीत ‘६ टक्क्यांपर्यंत व्याज’ असे म्हटले आहे. खालच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते की पहिल्या एक लाखावर ३ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर ६ टक्के. तुमची शिलक वर्षभर १,२०,००० राहिली, तर लाखाचे ३,००० आणि उरलेल्या वीस हजारांचे १,२००, असे मिळून ४,२०० हाती येतात. म्हणजे दर पडला साडेतीन टक्के. शेजारच्या बँकेचे सरसकट ४ टक्क्यांचे साधे खाते त्याच शिलकीवर ४,८०० देईल. काही ठिकाणी टप्पा ओलांडला की वरचा दर सगळ्या रकमेला लागतो. तुमच्या बँकेत यांतली कोणती पद्धत आहे, हे लेखी विचारून घ्या.

नव्या ग्राहकांसाठीचा चढा दर किती महिन्यांचा, हेही पाहा. तीन महिने ७ टक्के आणि पुढचे नऊ महिने ३ टक्के मिळाले, तर वर्षाची सरासरी ४ टक्केच निघते.

व्याज कोणत्या शिलकीवर मोजतात, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण आमच्या मते तो दराइतकाच महत्त्वाचा आहे. तीस दिवसांच्या महिन्यात २८ दिवस ५०,००० होते आणि दोनच दिवस शिलक ५,००० वर आली, असे धरा. रोजच्या शिलकीवर मोजले तर व्याज सरासरी ४७,००० वर मिळते. महिन्यातल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले, तर फक्त ५,००० वर! ज्यांच्या खात्यातून हप्ते आणि बिले जातात, त्यांनी रोजच्या शिलकीचेच खाते घ्यावे.

व्याज महिन्याला जमा होते की तिमाहीला, याने फरक पडतो, पण थोडाच. ६ टक्के दराने मासिक चक्रवाढ असेल तर वर्षाअखेर प्रत्यक्ष दर ६.१७ टक्के होतो, तिमाही असेल तर ६.१४. एवढ्यासाठी खाते बदलू नका.

शुल्क मात्र जरूर तपासा. २०,००० शिलकीवर ४ टक्क्यांनी वर्षाचे ८०० मिळतात. किमान शिलक राहिली नाही म्हणून महिन्याला ७५ कापले गेले, तर वर्षाचे ९०० जातात आणि मूळ रक्कमच घटते.

अनेक देशांत बँकेतल्या ठेवींना विमा संरक्षण असते, पण त्याला मर्यादा असते. दर बाजारापेक्षा फारच चढा दिसला, तर ती संस्था या संरक्षणात येते का, हे आधी पाहा. मर्यादेहून जास्त रक्कम असेल तर ती दोन बँकांत विभागणे बरे.

आमच्याकडे येताना मागच्या बारा महिन्यांचे खातेउतारे आणा. महिन्याची सरासरी आणि सर्वांत कमी शिलक आपण सोबत बसून काढू आणि तुम्ही निवडलेल्या खात्यांचे वर्षाचे व्याज, शुल्क वजा करून, कागदावर मांडून देऊ. त्यासाठी पासवर्ड, पिन किंवा ओटीपी लागत नाही. आमच्या नावाने कुणी मागितला तरी देऊ नका.