मॉडेल विमानांची वेगवान टू-स्ट्रोक इंजिने : एक तुलना

उडत्या मॉडेल विमानांसाठी बनवलेली, मिथेनॉलवर चालणारी आणि ग्लो प्लगने पेट घेणारी ही छोटी इंजिने. बहुतेकांची क्षमता 0.8 ते 10 सीसी असते. स्पर्धेतली खरी चुरस मात्र 2.5 आणि 6.5 सीसीच्या आसपास. क्षमता घन इंचांत सांगून दशांश चिन्ह गाळण्याची अमेरिकी पद्धत अजून रूढ आहे, म्हणून ‘46’ म्हणजे 0.46 घन इंच, साधारण 7.5 सीसी.

रे आर्डेन यांचा ग्लो प्लग 1947 च्या सुमारास बाजारात आला आणि ठिणगी पाडण्यासाठी लागणाऱ्या कॉइल-बॅटरीचे ओझे विमानातून उतरले. प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवतात आणि इंजिन चालू झाले की सेल काढून घेतात. पुढे मिथेनॉल व प्लॅटिनम यांच्यातली उत्प्रेरक क्रिया आणि ज्वलनाची उष्णता यांमुळे तार तापलेली राहते. पेट कोणत्या क्षणी घ्यावा हे वेगळे ठरवण्याची सोय नसते. ते तार, संपीडन आणि इंधन मिळून ठरवतात. म्हणून दोन इंजिनांची तुलना एकाच जातीच्या प्लगवर, एकाच इंधनावर आणि शक्यतो एकाच दिवशी करावी.

जाहिरातीतल्या अश्वशक्तीवर फार विसंबू नये. ओएस कंपनीच्या 46 एएक्स या लोकप्रिय जपानी इंजिनाची ताकद सुमारे 1.6 अश्वशक्ती दिली जाते, पण ती मिनिटाला 16,000 फेऱ्यांवर. सरावाच्या विमानात 11 इंच व्यासाचा, 6 इंच पिचचा (एका फेऱ्यात तत्त्वतः तेवढा पुढे सरकणारा) पंखा लावून हे इंजिन बरेच कमी फिरते, आणि तिथे ती ताकद मिळत नाही. जास्त भरवशाची कसोटी साधी आहे : दोन्ही इंजिनांना तोच पंखा लावायचा आणि टॅकोमीटरने फेरे मोजायचे. पंखा फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक इंजिन 12,000 आणि दुसरे 12,600 फेरे देत असेल, तर फरक 5 टक्क्यांचा वाटला तरी दुसऱ्याची ताकद सुमारे 16 टक्के जास्त भरते.

ताकदीतला फरक येतो तो प्रामुख्याने वायूंच्या वाहतुकीतून. जुन्या इंजिनांत ताजे मिश्रण एका बाजूने आत येई आणि पिस्टनच्या माथ्यावरच्या उंचवट्याला आपटून वर वळे. आडोल्फ श्नुर्ले या जर्मन अभियंत्याची रचना मोटारसायकलींत आधीच रुळली होती. तिच्यात दोन्ही बाजूंच्या झरोक्यांतून येणारे झोत एक्झॉस्टपासून दूर वळवलेले असतात. पिस्टनचा माथा सपाट ठेवता येतो, जळलेला वायू नीट बाहेर पडतो. 1970 च्या दशकात मॉडेल इंजिनांतही हीच रचना सर्वमान्य झाली.

पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची आतली नळी) हा दुसरा भेद. एबीसी रचनेत ॲल्युमिनियमचा पिस्टन क्रोम चढवलेल्या पितळी लायनरमध्ये रिंगविना चालतो. लायनर वरच्या टोकाला किंचित अरुंद असतो. थंड इंजिनाचा पंखा हाताने फिरवला तर पिस्टन माथ्याशी अडकतो, कधी कुरकुरतोही, आणि नवख्याला इंजिन जाम झाल्यासारखे वाटते. तापल्यावर पितळ पिस्टनपेक्षा थोडे जास्त फुगते आणि दोहोंतले अंतर नेमके होते. म्हणूनच अशा इंजिनाला फार ओल्या (हवेच्या मानाने इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर, थंड ठेवून रुळवणे चुकीचे. रिंगवाले इंजिन हाताने फिरवायला सोपे असते. मोठ्या आकारांत तेच अधिक दिसते.

ट्यून्ड पाइप, म्हणजे लांबी आणि आकार इंजिनाशी जुळवलेली एक्झॉस्टची नळी, हा रेसिंग इंजिनाचा निम्मा प्राण. एक्झॉस्टमधून निघालेली दाबलाट रुंदावत्या शंकूत विरळ लाट बनून परतते आणि सिलिंडर ओढून रिकामा करते. पुढच्या निमुळत्या शंकूवरून परतलेली लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. वेळ किती थोडा? 40,000 फेऱ्यांवर पूर्ण चक्र दीड मिलिसेकंदात संपते. पाइप थोडा आखूड केला की ताकदीचा माथा वरच्या फेऱ्यांकडे सरकतो आणि खाली इंजिन मरगळते. त्यामुळे असे इंजिन जमिनीवर सुस्त वाटून हवेत एकदम ‘पाइपवर चढते’. जमिनीवरचा टॅकोमीटर इथे निम्मीच गोष्ट सांगतो.

ताकद वाढवण्यासाठी मिथेनॉलमध्ये मिसळले जाणारे नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन आणत असल्याने तेवढ्याच हवेत बरेच जास्त इंधन जाळता येते. एफ2ए या आंतरराष्ट्रीय नियंत्रण-दोरी वेगस्पर्धेत (विमान दोऱ्यांनी धरून वैमानिकाभोवती गोल उडवतात) मात्र ते चालत नाही. सर्वांना 80 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के वंगण तेल असे ठरलेले मिश्रण. तिथली 2.5 सीसीची इंजिने एकाच पात्याचा, दुसऱ्या बाजूला वजन लावलेला पंखा 40,000 फेऱ्यांच्या आसपास फिरवतात आणि विमान 17.69 मीटरच्या दोऱ्यांवर ताशी 300 किमीच्या घरात जाते. नऊ चकरा म्हणजे एक किलोमीटर. एफ3डी ही रेडिओ नियंत्रित शर्यत. तिच्यात दहा चकरांचे 4 किमी उत्तम वैमानिक मिनिटाच्या आत संपवतात.

याच्या अगदी उलट टोकाला फॉक्स 35. कसरतीच्या विमानांतले हे जुने अमेरिकी इंजिन ताकदीत आजच्या कुणापुढेही टिकणार नाही. पण सरळ उड्डाणात ते ओल्या मिश्रणावर एकाआड एक फेऱ्याला पेटत राही, आणि विमानाने नाक वर केले की आपोआप प्रत्येक फेऱ्याला पेटून जोर लावी. कसरतपटूंना हवा होता तो हाच स्वभाव; जास्त ताकदीची इंजिने आली तरी कित्येकांनी ते सोडले नाही.

वंगणात एरंडेल तेलाला अजून मान आहे. इंजिन अति तापले तरी ते धातूला चिकटून राहते, कृत्रिम तेल तोवर जळून गेलेले असते. बदल्यात एरंडेल सिलिंडरवर तपकिरी थर सोडते. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत उड्डाणानंतर उरलेले इंधन जाळून आत तेलाचे चार थेंब टाकले नाहीत, तर सर्वांत आधी गंजतात ती बॉल बेअरिंगे, आणि ती महागड्या इंजिनांतच असतात. बेअरिंगऐवजी साधे ब्रॉन्झचे बुश (कडे) असलेल्या स्वस्त इंजिनाला ती धास्ती नसते.