पाय फुटलेली रेषा

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. कर्कवृत्त दरवर्षी साडेचौदा मीटर दक्षिणेकडे सरकतंय, लवकरच ते विदर्भात पोचणार, उन्हाळा आणखी भडकणार, पुढे पाठवा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात, त्यामुळे कुणाला खोटं वाटलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून चौघांनी तो मलाच परत पाठवला, "मॅडम, खरं आहे का?"

पहिलं वाक्य जवळपास खरं आहे, तिथेच सगळी गंमत आहे. बाकीच्यासाठी साधा भागाकार पुरतो. कर्कवृत्तापासून विदर्भाची उत्तर सीमा 185 किलोमीटरच्या आसपास. साडेचौदा मीटरच्या चालीने तेवढ्या अंतराला जवळपास 13,000 वर्षं लागतील. आणि रेषा तेवढी चालणारही नाही. पृथ्वीच्या अक्षाचा कल जेवढा, तेवढ्याच अक्षांशावर कर्कवृत्त असतं, आणि हा कल सध्या 23.44 अंश आहे. तो आणखी दहाएक हजार वर्षांनी 22.6 अंशांच्या आसपास थांबेल आणि मग पुन्हा वाढू लागेल. म्हणजे कर्कवृत्त मध्य प्रदेशातूनच माघारी फिरणार. विदर्भाच्या उत्तर टोकाच्या मेळघाटालाही त्याचं दर्शन नाही.

त्याच आठवड्यात तैवानला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो चियायी नावाच्या शहराजवळ कर्कवृत्तावरच्या विज्ञान उद्यानात उभा होता. "आत्या, हे बघ, मी रेषेवर आहे." तिथे पहिला स्तंभ 1908 मध्ये, बेटाचा उत्तर-दक्षिण रेल्वेमार्ग पूर्ण झाला तेव्हा उभारला. पुढे तो अनेकदा नव्याने बांधला, आणि आता शेजारी सूर्यविज्ञानाचं केंद्रही आहे. स्तंभाचा अक्षांश नोंदलेला आहे 23 अंश 27 कला 4.51 विकला (अंशाचे 60 भाग म्हणजे कला, कलेचे 60 म्हणजे विकला). मी कागद घेतला, 1908 सालचा अक्षाचा सरासरी कल काढला (सरासरी का, ते पुढे येईल). आकडा विकलेच्या दशांशापर्यंत जुळला! फक्त तो 1908 चा आहे. आजची सरासरी रेषा त्या जागेच्या सुमारे 1.7 किलोमीटर दक्षिणेला आहे. "तू रेषेवर नाहीस रे, पणजोबांच्या रेषेवर आहेस," असं मी म्हटलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

तैवान काही मला जमणारं नव्हतं, भोपाळ जमणारं होतं. आमच्याकडच्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, म्हणून विदर्भातल्या शिक्षकाला 21 जून मोकळा मिळतो. सेवाग्रामहून गाडी धरली. भोपाळहून विदिशेकडे जाताना दीवानगंजजवळ रस्त्यावर आडव्या पट्ट्या मारल्या आहेत, बाजूला कर्क रेखेची पाटी आहे. एवढंच. उद्यान वगैरे नाही, ट्रक सारखे जातात आणि लोक गाडी थांबवून एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवून फोटो काढतात. मी सोबत तुषार सिंचनाच्या पाइपचा हातभर तुकडा नेला होता. सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या पाइपमधून ऊन थेट जमिनीवर पडतं, आत गोल चकती दिसते आणि बाहेर सावली शून्य. तिथे सूर्य माथ्यावर येतो 12 वाजून 21 मिनिटांनी. सव्वाबाराला ढग आला. पावणेएकला गेला. तोवर मी टपरीवर दोन चहा प्यायले होते.

चहा पिता पिता त्या पट्टीकडे बघत होते. रेषा म्हणून रंगवायला ती फारच बारीक आहे. सूर्य हा काही ठिपका नाही, आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाहून किंचित मोठी आहे. जमिनीवर याचा अर्थ असा की सूर्याचा कुठला ना कुठला भाग बरोबर डोक्यावर असलेला पट्टा 58 किलोमीटर रुंद असतो. सांची तिथून जवळच, रेषेच्या पाचेक किलोमीटर उत्तरेला. त्या पट्ट्यात तीही येते. आणखी एक हिशेब मी वहीत मांडला. सरासरी रेषा सांचीच्या स्तूपावरून गेली ती साधारण सव्वातीनशे वर्षांपूर्वी. अशोकाच्या काळात ती सांचीच्या उत्तरेला 28 किलोमीटरवर होती. उलट, "कर्कवृत्त उज्जैनच्या महाकालावरून जातं" असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. पूर्वजांना सगळं माहीत होतं, हा पुढचा भाग ठरलेला. रेषा आजही उज्जैनच्या 27-28 किलोमीटर उत्तरेला आहे आणि पूर्वजांच्या काळी तर त्याहून लांब होती. महाकालावर ती येईल, आणखी साधारण 1900 वर्षांनी. जुन्या सिद्धांतग्रंथांत, म्हणजे खगोलगणिताच्या ग्रंथांत, अक्षाचा कल सरळ 24 अंश धरलाय. तेवढ्यावर त्यांनी ग्रहणं काढली, हे कौतुक मला पुरेसं वाटतं.

आता मुद्द्याचं. रेषा सरकते कशाने?

परातीत भोवरा फिरतोय असं समजा. भोवरा तिरपा आहे. परात म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती ज्या प्रतलात फिरते ते प्रतल, आणि भोवरा म्हणजे पृथ्वी. भोवऱ्याचा कल बदलला असं आपल्याला दिसतं तेव्हा दोन गोष्टी शक्य असतात. भोवरा सरळ होतोय, किंवा कुणी तरी परात उचलतंय. साडेचौदा मीटरवाल्या सरकण्यात मुख्यतः परात हलते. शुक्र जवळ म्हणून आणि गुरू अवजड म्हणून, हे दोघे पृथ्वीच्या कक्षेचं प्रतल हळूहळू कलवतात. शतकाला 47 विकला. एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग, जमिनीवर साधारण 31 मीटर. गुणा, शंभराने भागा, साडेचौदा मीटर मिळतात. मेसेजवाल्यांचं गणित इथवर बरोबर.

पण भोवराही गप्प बसत नाही. पृथ्वी पोटाशी सुटलेली आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे 21 किलोमीटरनी जास्त आहे. या सुटलेल्या पोटाला चंद्र आणि सूर्य ओढतात, तिला उभी करू पाहतात. फिरती वस्तू मात्र ढकलाल तिकडे जात नाही, काटकोनात सरकते. म्हणून अक्ष उभा न होता गोल फिरतो, 26,000 वर्षांत एक फेरी. हे संपातचलन पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते पुढचं. चंद्राची कक्षा आपल्या परातीला सुमारे 5 अंशांनी तिरपी आहे, आणि ही तिरपी कक्षा स्वतःही फिरते, तिचा रोख 18.6 वर्षांत पूर्ण गोल फिरून येतो. त्यामुळे चंद्राच्या ओढीची दिशा कधी जरा अशी, कधी जरा तशी. अक्ष 26,000 वर्षांचं वर्तुळ काढता काढता 18.6 वर्षांच्या ठेक्यावर मान डोलावत राहतो. शास्त्रज्ञ याला न्यूटेशन म्हणतात, मी वर्गात डुलणं म्हणते. डोलावण्याने अक्षाचा कल सरासरीच्या 9.2 विकला वर आणि 9.2 विकला खाली जातो. जमिनीवर बघा, 283 मीटर उत्तरेला आणि 283 मीटर दक्षिणेला.

वर्षाला साडेचौदा मीटर कुठे आणि हे कुठे! खरी रेषा, म्हणजे या क्षणी असलेली, सरासरीभोवती नाचते. ऐन वेगात असताना वर्षाला शंभरेक मीटर. 2015 मध्ये ती सरासरीच्या दक्षिणेला टोकावर होती, 2025 च्या सुरुवातीला उत्तरेच्या टोकावर आली. मधल्या काळात सरासरी रेषा सुमारे 135 मीटर दक्षिणेला गेली ते वजा करा. तरी खरं कर्कवृत्त त्या नऊ-दहा वर्षांत चारशेहून जास्त मीटर उत्तरेला गेलं. मेसेज म्हणतो "दरवर्षी दक्षिणेकडे", पण ती सगळी वर्षं रेषा उलटीकडे निघालेली होती. आता मात्र ती दक्षिणेला येते आहे, 2034 पर्यंत सुमारे 700 मीटर येईल. मेक्सिकोत एका महामार्गाच्या कडेला वेगवेगळ्या वर्षांच्या पाट्या ओळीने लावल्या आहेत, ते दिसायला झकास आहे. पण अशी ओळ सरासरीची. खऱ्या रेषेमागे पाटी घेऊन धावायचं तर पाटीलाच चाकं लावावी लागतील.

हे डुलणं शोधलं जेम्स ब्रॅडलीने. कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याची जागा त्याने 1727 पासून 1747 पर्यंत मोजली, आणि चंद्राचं पूर्ण चक्र डोळ्यांखालून गेल्यावरच 1748 मध्ये जाहीर केलं. वीस वर्षं, तोच तारा! आमच्याकडे शाळेचा प्रकल्प वीस दिवस टिकत नाही. तोच चंद्राचा फेरा तुम्हीही पाहिला असेल, लक्ष गेलं नसेल. 2024 च्या दत्तजयंतीच्या रात्री यवतमाळकडे पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री डोक्यावरून न जाता चक्क डोक्याच्या उत्तरेकडून गेला.

गावात परतल्यावर सरपंच म्हणाले, "मॅडम, आपल्या गावात बी असा पार्क पायजे." मी म्हटलं, रेषा तर आपल्याकडेही येते, वर्षातून दोनदा. सूर्य ज्या अक्षांशावर डोक्यावर असतो ती रेषा मेच्या मध्याला विदर्भाच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्यात शिरते आणि महिनाअखेर उत्तरेच्या धारणीपर्यंत पोचते. दिवसाला वीस-एकवीस किलोमीटर. पंढरीची वारीही मोठ्या टप्प्याच्या दिवशी साधारण एवढीच चालते. पुढे ही वारी मंदावत जाते. 21 जूनच्या अलीकडे-पलीकडे एका दिवसात तिचं अंतर जेमतेम चारशे मीटर. तिथून ती माघारी फिरते. जिथून फिरते त्या जागेला कर्कवृत्त म्हणायचं. परतीची वारी आमच्याकडून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जाते, पण तेव्हा आभाळ असं असतं की सूर्य कुठे आहे हेच कळत नाही.

आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूचं. तारीख 22 मे, वेळ सव्वाबारा. यंदा सुटी असूनही पंधरा-सोळा पोरं शाळेच्या पटांगणात जमली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे मानलेले नऊ दिवस, लागायला तीन दिवस होते, आणि "डोक्यावरचं ऊन बाधते" म्हणून दोघांच्या आयांनी त्यांना घरीच ठेवलं. ऊन बाधतं हे खरं. पण मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या माथ्यापासून तीन-चार अंशही ढळत नाही. मग जुलैत का नाही बाधत? ढग असतात, माती ओली असते, उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. नवतपा सूर्याच्या रोहिणी नक्षत्राला बांधलेला आहे, आणि संपातचलनामुळे ती तारीख दर 71-72 वर्षांनी एक दिवस पुढे ढकलली जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या काळी तो ऋतूच्या हिशेबाने तीन आठवडे आधी, मेच्या पहिल्या आठवड्यात पडला असता. "नवतपा तापला तर पाऊस चांगला" म्हणणाऱ्यांनी त्या काळच्या पावसाचं काय करायचं ते ठरवावं.

शेजारी बांधकामावर असलेल्या गवंड्याकडून ओळंबा मागितला. तो स्वतःच घेऊन आला. "मॅडम, हे काय करून राह्यले तुम्ही?" म्हणत त्याने पाइप चारी बाजूंनी तपासला, खाली एक चिपेचा तुकडा सरकवला आणि मान हलवली. बारा वाजून दहाला पाइपच्या आत डावीकडे काळी चंद्रकोर होती. ती पातळ होत गेली. पंधराला गेली. तळाशी पांढरीशुभ्र चकती, बाहेर पाइपच्या पायाशी काही नाही, जणू पाइप जमिनीवर चिकटवलेलं चित्र आहे. खरं तर त्या दिवशी सूर्य आमच्या माथ्यापासून चार कला उत्तरेला होता. मीटरभर काठीला त्याने सव्वा मिलिमीटर सावली पडते, आणि थाळीएवढ्या सूर्यापुढे ती पुसटून जाते. गवंड्याने टोपी काढून स्वतःची सावली शोधली. पायाखाली होती. मग एकेक पोरगं उड्या मारून आपली सावली पायाखालून निसटते का बघू लागलं.

दोन-तीन मिनिटांत चंद्रकोर पाइपच्या दुसऱ्या बाजूला उगवली. आम्ही पाइपखाली फक्कीने आडवी रेघ मारली आणि शेजारी "22 मे" लिहिलं.

"मग आता उद्या सूर्य कोठी जाईन?" सातवीतल्या एकीने विचारलं.

"नेरच्या पुढे. चोवीसला वर्ध्याला."

"आर्वीले? माह्या मामाचं गाव हाय."

"पंचवीसला. बाराच्या पुढे तेरा-चौदा मिनिटांनी."

तिने गवंड्याचा फोन मागितला, मामाला लावला आणि घरात पाइप आहे का ते आधी विचारलं.