टर्बाइनच्या पात्याला पीळ का आला?

कोराडीच्या औष्णिक केंद्रातल्या विजेची गोष्ट निघाली की नागपुरात बोलणं होतं ते कोळशाचं, राखेचं आणि चिमण्यांचं. ते व्हायलाच हवं. पण विजेच्या एका युनिटला किती कोळसा जळणार, याचा काही हिशेब टर्बाइनच्या, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राच्या, कवचात दडलेल्या पात्यांच्या आकारावरही ठरतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

अभियंता चार्ल्स पार्सन्सचं पहिलं वाफेचं टर्बाइन 1884 चं, जेमतेम 7.5 किलोवॅटचं. वाफेचा दाब एका झटक्यात न उतरवता पात्यांच्या अनेक रांगांमधून थोडाथोडा उतरवायचा, ही त्याची खरी करामत. पाती आखूड होती, त्यामुळे मुळापासून टोकापर्यंत एकच आकार चालून जायचा.

यंत्रं वाढली आणि तिथेच अडलं. दाब उतरला की वाफ प्रचंड फुगते, म्हणून शेवटच्या रांगांना लांब पाती लागतात. कोराडीतल्या 660 मेगावॅटच्या संचांएवढ्या यंत्रात शेवटचं पातं साधारण मीटरभराचं असतं. रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, मिनिटाला 3000 फेरे घेतो. पात्याचं मूळ सेकंदाला तीनशे मीटरच्या आतबाहेर धावतं, टोक मात्र पाचशेच्या पुढे. वाफ तीच, पण पात्याच्या या वेगळ्या वेगांमुळे मुळाशी ती एका कोनातून येते आणि टोकाशी अगदी वेगळ्या. सरळ पातं ठेवलं तर एखाद्याच उंचीवर कोन जुळतो. बाकी ठिकाणी वाफ पृष्ठभाग सोडून भोवरे करते आणि तेवढी ताकद वाया जाते. म्हणून पात्याला पीळ आला. ओव्हरहॉलसाठी, म्हणजे यंत्र उघडून होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीसाठी, रोटर बाहेर काढलेला असताना ते नीट बघावं: मुळाशी जाड, वाटीसारखा बाक, वर जाताजाता पातं वळत, पातळ होत टोकाला जवळजवळ सपाट होतं.

हे तत्त्व पवनचक्कीवाल्यांना फार आधी गवसलं होतं. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनने 1759 मध्ये प्रयोग करून दाखवलं की टोकाकडे कोन कमी होत जाणारी पाती सरस ठरतात. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो, कारण तेव्हा हवेच्या प्रवाहाचं गणित पुरेसं तयार नव्हतं. होतं ते बारकाईचं मोजमाप.

पुढची झेप संगणकाची. पात्याच्या दोन्ही टोकांना, भिंतीलगत, वाफेचे उपद्रवी भोवरे उठतात. 1980 नंतर त्रिमितीय गणितं करता येऊ लागली, तेव्हा फिरत्या पात्यांवर वाफ वळवणारी स्थिर पाती उभ्या दिशेत धनुष्यासारखी वाकवून हे भोवरे कमी करता आले.

पण घडवलेला आकार तसाच टिकत नाही. शेवटच्या रांगेत वाफ ओली होते, तिचे थेंब टोकाजवळच्या पुढच्या धारेवर आपटून ती करवतीसारखी खडबडीत करतात. म्हणून तिथे स्टेलाइटसारख्या कठीण मिश्रधातूची पट्टी बसवतात, आणि प्रत्येक ओव्हरहॉलमध्ये आधी ती धार तपासावी लागते.