पहिला श्वास आणि सुईणीचा हात

जन्मलेल्या दर 100 बाळांपैकी साधारण 10 बाळांना पहिला श्वास घ्यायला मदत लागते. कोरड्या, उबदार कापडाने अंग पुसलं आणि पाठ चोळली की त्यातली बरीचशी बाळं रडतात. उरलेल्यांना पहिल्या मिनिटाच्या आत अँबू बॅगने, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क बसवून हाताने दाबायच्या फुग्यासारख्या पिशवीने, हवा द्यावी लागते. बॅग कशी धरायची हे सुईणीला माहीत असतं, पण ऐन वेळी हात आधी स्राव ओढून काढायच्या नळीकडे जातो. घसा साफ करण्यात मिनिट निघून जातं. शिवाय नळी खोल गेली, तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

बॅग दाबूनही छाती वर येत नसेल, तर आधी मास्क पाहावा. त्याने हनुवटी, तोंड आणि नाक झाकायला हवं, डोळे नकोत. कडेने हवा निसटत असेल, तर तो पुन्हा बसवावा. मग मान पाहावी. ती छातीकडे झुकली किंवा फार मागे गेली, तरी श्वासमार्ग बंद होतो. तोंडात स्राव असेल तर काढावा, तोंड किंचित उघडावं आणि तरीही जमलं नाही तर दाब थोडा वाढवावा. बॅग दाबण्याचा वेग मिनिटाला 40 ते 60 वेळा. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते. ऑक्सिजन सिलिंडर शोधत बसू नये.

हे कार्यशाळेत एकदा शिकवून भागत नाही, काही महिन्यांतच हात बसलेला सुटतो. त्यापेक्षा प्रसूतिगृहातच सरावाची बाहुली ठेवून ड्युटीच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटं सराव केलेला बरा.

बाळंतपणानंतर आईचं रक्त किती गेलं, याबाबत डोळे फसवतात. कापडात मुरलेलं रक्त नजरेला कमीच वाटतं. म्हणून बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावतात. रक्त 500 मिलिलिटरवर गेलं की गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकत्रच सुरू करायचं, एकाचा गुण येतो का याची वाट पाहायची नाही. आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत (2023) या पद्धतीने अतिरक्तस्राव ओळखण्याचं प्रमाण 93 टक्के होतं, नेहमीच्या पद्धतीत ते 51 टक्के होतं.

ऑक्सिटोसिन मात्र 2 ते 8 अंश सेल्सियसलाच ठेवावं, उष्णतेने त्याचा जोर ओसरतो. आणि प्रत्येक बाळंतपणाआधी अँबू बॅगचा मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग पिळावी. दाब सोडणारी झडप उघडली नाही, तर दुसरी बॅग घ्यावी.