संधिप्रकाशातील शिकारीची दुर्बीण: निकष आले कुठून?

रायफलवरची दुर्बीण कमी उजेडात किती उपयोगी पडते, हे पारखण्याचे प्रचलित निकष बऱ्याच अंशी जर्मनी आणि ऑस्ट्रियातील रानडुकरांच्या शिकारीतून घडले. जर्मनीचा संघीय शिकार कायदा खुरांच्या प्राण्यांपैकी फक्त रानडुकराची शिकार रात्री करू देतो, आणि सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरू होऊन सूर्योदयाच्या दीड तास आधी संपणारा काळ म्हणजे रात्र, हेही तोच ठरवून देतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी आपल्याकडचे शिकारी बंदुकीला विजेरी बांधून मचाणावर बसत. जर्मनीत मात्र लक्ष्यावर कृत्रिम प्रकाश टाकायलाच मनाई होती. शेताच्या कडेच्या मचाणावर बसलेल्या शिकाऱ्याला चांदणे आणि भिंगे यांवरच भागवावे लागे.

या गरजेतून 8×56 हे माप रूढ झाले. पुढच्या भिंगाचा 56 मिलिमीटर व्यास आठ पटींच्या वर्धनाने भागला, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास 7 मिलिमीटर येतो, आणि अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच विस्फारते. वय वाढले की ती कमी उघडते, त्यामुळे साठीच्या माणसाला या मोठ्या भिंगाचा पूर्ण फायदा बहुधा मिळत नाही. विक्रेते हे क्वचितच सांगतात.

तरी खरी क्रांती भिंगाच्या आकाराने नव्हे, तर त्यावरच्या लेपाने झाली. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होतो. आत आठ सुटी भिंगे, म्हणजे सोळा पृष्ठभाग असतील, तर जेमतेम निम्मा प्रकाश पार होतो. 1935 मध्ये झाइस या जर्मन भिंगे-दुर्बिणींच्या कंपनीत काम करणारे, मूळचे युक्रेनियन पदार्थवैज्ञानिक अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन घटवणारा पातळ लेप शोधला आणि कंपनीने त्याचे पेटंट घेतले. पुढे बहुस्तरीय लेप आले आणि उत्तम दुर्बिणींतून 90 टक्क्यांहून अधिक प्रकाश पार होऊ लागला.

याउलट माहितीपत्रकांत मिरवणारा 'संधिप्रकाश अंक' सर्वांत फसवा आहे. वर्धन आणि भिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हा अंक. 8×56 साठी तो 21.2 येतो, आणि 16×28 अशा दुर्बिणीसाठीही 21.2 च येतो. पण दुसरीतून डोळ्यापर्यंत पोहोचणारा झोत फक्त 1.75 मिलिमीटरचा असतो आणि चांदण्यात तिच्यातून काळोखाखेरीज फारसे काही दिसणार नाही. काच कोणती, लेप कसा, याची तर या सूत्रात नोंदच नाही.

निशाण रेषांचे, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या नेम धरण्याच्या रेषांचेही तसेच आहे. बारीक रेषा दिवसा नेमक्या वाटतात, पण काळपट रानडुकराच्या अंगावर त्या हरवतात. म्हणून तीन जाड दांड्यांची 'जर्मन क्रमांक 4' ही रचना तिथे टिकून राहिली. पुढे मधोमध प्रकाशमान ठिपका आला, तेव्हा तो किती तेजस्वी होतो यापेक्षा किती मंद करता येतो हे तपासणे महत्त्वाचे ठरले, कारण प्रखर ठिपक्याने अंधाराला सरावलेला डोळा दिपतो.

2020 मध्ये जर्मनीच्या शस्त्रकायद्यात दुरुस्ती होऊन शिकाऱ्यांना दुर्बिणीला जोडायची रात्रदर्शी उपकरणे बाळगण्याची मुभा मिळाली; प्रत्यक्ष शिकारीत ती वापरू द्यायची की नाही, हे राज्यांवर सोपवले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रांडेनबुर्ग राज्यातील रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग आढळला आणि डुकरांची संख्या घटवण्याचा दबाव वाढला. असे उपकरण पुढे बसवले, की दुर्बीण आकाशातला अंधूक प्रकाश गोळा करत नाही, तर एक छोटा पडदा पाहत असते; त्यामुळे 56 मिलिमीटरच्या भिंगाचे मोल कमी होते आणि पडद्याचे ठिपके मोठे दिसू नयेत म्हणून कमी वर्धनाची दुर्बीण सोयीची ठरते.