घरच्या मांजराची निगा : ब्रश घेण्याआधी एवढं वाचा

लांब केसांचं मांजर घेऊन आमच्या दुकानात येणारे बरेचजण एकच तक्रार करतात : "रोज विंचरते हो, तरी जटा झाल्याच!" विंचरता हे खरं, पण वरवर. पर्शियन मांजराच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब केस, खाली कापसासारखी लव. ब्रश वरूनच फिरला की मांजर फोटोत झकास दिसतं आणि गुंता लवेत वाढत राहतो. म्हणून एका हाताने केस वर उचलून धरा आणि थोडे थोडे खाली सोडत विंचरा, पार कातडीपर्यंत भांग दिसायला हवा. शेवटी स्टीलचा रुंद दातांचा कंगवा फिरवा. तो कुठेच अडला नाही, तर त्या दिवसाचं काम झालं.

जटा कुठे होतात? कानामागे, काखेत, पोटावर, मांड्यांच्या मागे, पट्ट्याखाली. आणि यातल्या बऱ्याच जागी हात लावलेला मांजराला खपत नाही. म्हणून सुरुवात गाल-हनुवटीपासून करा, तीही जेवून सुस्तावल्यावर. शेपटी आपटू लागली, कान मागे गेले की थांबा. रोजची पाच मिनिटं रविवारच्या तासाभराच्या कुस्तीपेक्षा बरी. आखूड केसांच्या गावठी मांजराला आठवड्यातून एकदा पुरतं.

जट कात्रीने कापू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते; जट ओढली की तीही तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. घरी कात्री चालवून मग टाके घालायला डॉक्टरांकडे धावलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. जट लहान असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा, बोटांनी सैल करा, मुळाशी घट्ट धरा आणि टोकाकडून कंगव्याने सोडवत या. आधी आंघोळ तर मुळीच नको, ओली जट आणखी आवळते. मोठ्या जटा आमच्याकडे किंवा डॉक्टरांकडे मशीननेच काढून घ्या.

शांपू आम्हीही विकतो, तरी सांगतो : धडधाकट मांजराला आंघोळीची गरज क्वचितच पडते. त्याच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, तीच त्याची फणी. त्या काट्यांत अडकलेले केस पोटात जातात आणि गोळा होऊन उलटीतून बाहेर पडतात. तुम्ही जितके केस कंगव्यात काढाल, तितके पोटात कमी जातील. मांजर नुसतं ओकाऱ्या काढतंय, काही पडत नाही आणि खाणंही सुटलंय, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

गाडीखालचं ऑइल, रंगपंचमीचा रंग असं काही अंगाला लागलं तर धुवावंच लागतं, कारण ते मांजर चाटणार. कोमट पाणी आणि मांजराचाच शांपू घ्या. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं जंतुनाशक झाकणभर ओतायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे सोडा. त्यातली फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. पावसाळ्यात अंग मुळापर्यंत कोरडं करा.

पिसवांची शंका आली तर उवांची बारीक फणी फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. औषध फक्त मांजरासाठीचं घ्या. कुत्र्यांच्या अंगावर टाकायच्या काही औषधी थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि मांजराचा त्याने जीव जाऊ शकतो. 'थोडंसंच लावलं' हेही चालत नाही. केस गेलेला गोल चट्टा दिसला तर तो गजकर्ण असू शकतो. तो माणसांनाही होतो, तेव्हा तो ब्रश बाजूला ठेवा आणि तपासून घ्या.

नखं पुढे पाच-पाच, मागे चार-चार, एकूण 18. आतली गुलाबी रेघ सोडून फक्त टोक कापा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. म्हातारं मांजर नखं घासत नाही, त्याची वाढून पंजाच्या गादीत रुततात. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. कानात काडी घालू नका, मिशा कापू नका.

आमच्याकडे आणताना बंद पिंजऱ्यातून आणा, आत घरची चादर घालून. ओढणीत गुंडाळलेलं मांजर रिक्षाच्या पहिल्याच हॉर्नला निसटतं.