36 इंचांची वाट: अमेरिकेतल्या फास्ट फूड खटल्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत बर्गर, टाको, पिझ्झा विकणाऱ्या साखळ्यांवर दिव्यांग ग्राहक सतत खटले भरताना दिसतात. या खटल्यांचा माग काढत मागे गेलं, तर आपण पोहोचतो 1964 साली, साउथ कॅरोलायनातल्या एका बार्बेक्यूच्या दुकानात. तिथला वाद अपंगत्वाचा नव्हता, वर्णाचा होता.

'पिगी पार्क' ही मॉरिस बेसिंजरची ड्राइव्ह-इन दुकानांची साखळी. गाडी आवारात लावायची, ऑर्डर द्यायची, खाणं गाडीशी येणार. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना मात्र ही सेवा नव्हती. त्या जुलैत उपाहारगृहांसारख्या ठिकाणी वर्णावरून भेदभाव करायला मनाई करणारा नागरी हक्क कायदा झाला आणि लवकरच बेसिंजरवर दावा दाखल झाला. त्याचा एक बचाव असा, की ड्राइव्ह-इन म्हणजे कायद्यातलं उपाहारगृहच नव्हे, कारण लोक खाणं बाहेर नेऊन खातात! खालच्या कोर्टाने हे चक्क मानलंही. अपील न्यायालयाने ते उलटवलं.

1968 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं ते वकिलाच्या फीच्या मुद्द्यावर. या कायद्यात जिंकणाऱ्याला नुकसानभरपाई नव्हती, फक्त 'हे थांबवा' असा मनाई हुकूम मिळायचा. मग पदरचे पैसे घालून कोर्टात जाणार कोण? न्यायालय म्हणालं, असा दावा करणारा माणूस एका परीने सरकारी वकिलाचंच काम करतो, तेव्हा तो जिंकला तर त्याच्या वकिलाची फी साधारणपणे हरणाऱ्याने द्यावी.

26 जुलै 1990 रोजी राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट' म्हणजे एडीएवर सही केली. त्याच मार्चमध्ये आंदोलक व्हीलचेअर खाली सोडून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले होते; त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. कायद्याच्या तिसऱ्या भागात दुकानं, हॉटेलं, उपाहारगृहं आली आणि जानेवारी 1992 पासून तो लागू झाला. दाद मागण्याची पद्धत मात्र 1964 च्या कायद्यातूनच उचलली: मनाई हुकूम आणि वकिलाची फी, ग्राहकाच्या खिशात काही नाही. एडीए पाळला की नाही हे तपासायला दारात कुणी निरीक्षकही येत नाही. केंद्र सरकारचं न्याय खातं खटले भरतं, पण मोजके. बाकीची सगळी राखण ग्राहकावर.

कॅलिफोर्नियाने यात पैसा आणला. तिथल्या 1959 च्या अनरू या नागरी हक्क कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती झाली आणि एडीएचा भंग हा राज्याच्या कायद्याचाही भंग ठरला. भरपाई किमान 4,000 डॉलर. खटले कॅलिफोर्नियात इतके का उगवतात याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे.

उरलेलं उत्तर साखळीच्या धंद्यात. एकच नकाशा शेकडो ठिकाणी उभा करायचा, हे तिचं बळ. पण नकाशातच चूक असली तर तीही शेकडो ठिकाणी उभी राहते. काउंटरपुढच्या रांगेचे नागमोडी कठडेच घ्या. व्हीलचेअरला वाट किमान 36 इंच हवी, वळणावर त्याहून जास्त. वेंडीज या बर्गरच्या साखळीने 1998 मध्ये न्याय खातं आणि नऊ राज्यांशी करार करून हे कठडे रुंद करायचं किंवा काढायचं कबूल केलं. टाको बेलवर 2002 साली कॅलिफोर्नियातल्या दोनशेहून अधिक दुकानांसाठी सामूहिक दावा लागला. जड दारं, अरुंद रांगा, टेबलांची उंची, पार्किंगचा उतार, सगळं फूटपट्टी लावून मोजलं गेलं. तडजोड 2014 मध्ये, 53 लाख 75 हजार डॉलरवर. बर्गर किंगने त्याआधीच आपल्या कॅलिफोर्नियातल्या दुकानांपैकी आधी दहांसाठी 50 लाख आणि मग 2012 मध्ये आणखी ऐंशीहून अधिक दुकानांसाठी 1 कोटी 90 लाख डॉलर मोजले होते.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो चिपोटलेचा खटला. तिथे आपण काउंटरच्या कडेने सरकत जायचं, समोरच्या भांड्यांतलं भात-राजमा-मांस बघायचं आणि 'हे घाल, ते नको' सांगत बरिटो बनवून घ्यायचा. पण सॅन डिएगो भागातल्या दोन दुकानांत काउंटरपुढे सुमारे 45 इंच उंचीची भिंत होती. व्हीलचेअरवर बसलेल्याला दिसायची ती भिंतच. कंपनीचं म्हणणं, आम्ही छोट्या कपांत नमुने आणून दाखवतो की! 2010 मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने हे नाकारलं. समोर उभं राहून निवडणं हाच ज्या दुकानाचा 'अनुभव' म्हणून विकला जातो, तिथे कपातला नमुना म्हणजे तो अनुभव नव्हे. पोटात अन्न गेलं म्हणजे झालं, हा युक्तिवाद इथे संपला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील ऐकायलाही नकार दिला.

दुसरी बाजू नाही असं नाही. शेकडो दावे ठोकणारे ठरावीक वादी आणि त्यांचे ठरावीक वकील यांनी छोट्या दुकानदारांना घाम फोडला आहे. 2000 साली अभिनेते क्लिंट ईस्टवुड स्वतःच्या हॉटेलवरच्या अशा खटल्यानंतर संसदीय समितीपुढे तक्रार घेऊन गेले. आधी नोटीस द्या, मग खटला, असं सांगणारं विधेयक 2018 मध्ये प्रतिनिधीगृहात 225 विरुद्ध 192 मतांनी मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं. माझं मत विचाराल तर राखण ग्राहकावर टाकल्यावर तो तिचे पैसे घेतो म्हणून ओरडण्यात फारसा अर्थ नाही. पण दोन टेबलांच्या सँडविचच्या दुकानाला असा खटला बर्गर किंगपेक्षा फार जड जातो, हेही खरं.

मग विक्रीची जागाच सरकली. रात्री उशिरा आतलं दालन बंद आणि फक्त ड्राइव्ह-थ्रूची, म्हणजे गाडीत बसूनच खाणं घेण्याची खिडकी चालू; पायी आलेल्याला तिथे काही मिळत नाही. अंध माणूस गाडी चालवणार कशी? लुइझियानातल्या एका अंध ग्राहकाने 2016 मध्ये मॅकडोनाल्ड्सवर याच मुद्द्यावर दावा केला. जॅक इन द बॉक्स या बर्गरच्या साखळीवरचा असा दावा मात्र कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने 2020 मध्ये फेटाळला: गाडी नसलेल्या कुणालाच खिडकीवर सेवा नाही, तर अंधांशी भेदभाव कसला? तर्क बिनचूक आहे. पण ज्याला गाडी कधीच चालवता येणार नाही, त्याला आज गाडी न आणलेल्याच्या रांगेत उभं करणं मला पटत नाही.

डॉमिनोजच्या बाबतीत दार, कठडा, खिडकी काहीच नव्हतं. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका अंध ग्राहकाला वेबसाइटवरून आणि अ‍ॅपवरून हवा तसा पिझ्झा मागवता येईना. 2016 ला दावा, खालच्या कोर्टात हार, 2019 च्या जानेवारीत अपिलात जीत आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा हस्तक्षेपास नकार. जून 2021 मध्ये निकाल लागला: वेबसाइट दुरुस्त करा, 4,000 डॉलर द्या. कंपनी शेवटपर्यंत म्हणत होती की फोनवरून ऑर्डर देता येत होती. न्यायाधीशांनी नोंदवलं आहे, की त्या ग्राहकाने फोनही करून पाहिला होता आणि 45 मिनिटांहून जास्त ताटकळून ठेवून दिला होता.